नर्सिंगची पहिली नोकरी: ‘मी या कामाला लायक नाही का?’

मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातली. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा पूर्ण केला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि आता छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला लागले आहे. तीन महिने झाले. नाईटला भरलेल्या वॉर्डात आम्ही दोघीच असतो. माझा हात हळू चालतो म्हणून सिनिअर ओरडतात. एकदा डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस नीट ऐकू आला नाही. परत विचारलं, तर ‘एवढंही कळत नाही का’ असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. तेव्हापासून काही विचारायचीच भीती वाटते. गेल्या महिन्यात माझ्या ड्युटीत एक आजोबा गेले. झोपायला गेले की तेच डोळ्यांपुढे येतं. गावात लोक ‘घाण काढायचं काम’ म्हणतात. बाबा म्हणतात, सोड आणि तलाठी भरतीचा अभ्यास कर. मैत्रिणी जर्मनीला जायचं म्हणून भाषेच्या क्लासला जातात. मी या कामाला लायक नाही का? काय करू?

— एक अधिपरिचारिका (नाव न देण्याच्या विनंतीवरून)

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नालायक म्हणावी अशी मुलगी मला त्यात सापडली नाही. सापडली ती एक नवी सिस्टर, जिला डोस ऐकू आला नाही आणि जिने अंदाजाने इंजेक्शन न भरता परत विचारलं. मी आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंग स्कूलमध्ये काम केलं. या एका सवयीसाठी मी मुलींच्या मागे लागत असे. तुझ्यात ती आधीच आहे. ओरडा बसला म्हणून ती सोडलीस, तर मला तुझी काळजी वाटेल, आणि त्याहून जास्त तुझ्या पेशंटची.

फोनवरच्या ऑर्डरचं असं असतं, की डॉक्टर झोपेतून उठून बोलतात, मागे मॉनिटर वाजत असतो, आणि इंग्रजीतलं फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखंच लागतं. म्हणून ऐकलेलं आधी लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं: ‘सर, बेड नंबर सात, अमुक औषध, पंधरा मिलिग्रॅम, एक पाच, शिरेतून, बरोबर?’ आकडे सुटे करून सांगायचे. त्यांनी हो म्हटल्यावर वेळ आणि नाव टाकायचं आणि सकाळी सही घ्यायची. हे तू अजिबात न चिडता, दरवेळी, सगळ्याच डॉक्टरांच्या बाबतीत केलंस, की थोड्या दिवसांनी ‘ही वाचून दाखवतेच’ असं सगळे धरून चालतात. मग त्यात कुणाला तुझं अज्ञान दिसत नाही.

आता हात हळू चालण्याबद्दल. पहिल्या वर्षात तुझ्याकडून वेगाची अपेक्षा करणारे चुकतात, मग ते कितीही सिनिअर असोत. या वर्षात तुला सुरक्षित काम करायला शिकायचं आहे. वेग मागून आपोआप येतो, कारण हाताला क्रम बसतो. उलट घाईत बसलेली चुकीची सवय पुढे वीस वर्षं सुटत नाही.

इन्सुलिनचंच घे. आपल्याकडे साध्या व्हायलमध्ये बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पण १०० युनिटचं इन्सुलिनही सर्रास मिळतं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, लाल टोपीची ४० साठी आणि केशरी टोपीची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलंस, तर खुणेवर दिसेल त्याच्या अडीच पट डोस जाईल. पेशंट रात्री दोन वाजता घामाघूम होऊन बेशुद्ध पडेल आणि साखर का उतरली हे कुणाला कळणार नाही. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग बघायला किती वेळ लागतो? त्या क्षणाला ‘हळू’ म्हणणाऱ्या सिनिअरचं मनावर घेऊ नकोस. पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच. ती अँप्युल थेट शिरेत कधीच ढकलायची नाही. सलाईनमध्ये मिसळून, सांगितलेल्या वेगानेच द्यायची. कुणी काहीही म्हणो, यात तडजोड नाही.

सलाईनचे थेंब अंदाजाने लावणाऱ्या सिस्टर तू पाहिल्या असशील. तू हिशेब कर. ५०० मिलि चार तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांचा आहे, म्हणजे २० थेंबांत एक मिलि जातं, तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट किती थेंबांचा आहे ते पाकिटावर छापलेलं असतं. खिशातल्या छोट्या वहीत आपल्या वॉर्डात नेहमी लागणाऱ्या सलाईनचे असे हिशेब लिहून ठेव. आठवड्याभरात पाठ होतील.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, उघडून बघ. कित्येक वॉर्डांत प्रत्येक पेशंटचा श्वास २० लिहिलेला असतो, खाटेवर कोण आहे याच्याशी त्याचा संबंधच नसतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो आणि पेशंट बिघडायला लागला की बरेचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोज. पेशंटला सांगू नकोस, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी मोजतोय असं दाखवत मनगट धरून मोजता येतो. दहा वाजता १८, बारा वाजता २४ आणि दोन वाजता ३० झालेला श्वास तुझ्या चार्टवर दिसला, तर डॉक्टरांना उठवायला तुझ्याकडे ठोस कारण असेल. मग फोनवर गोंधळायचं नाही. आधी सांगायचं तू कोण आणि कोणत्या पेशंटबद्दल बोलतेस, मग आत्ता काय झालं, मग तो कशासाठी दाखल आहे आणि कोणती औषधं चालू आहेत, मग तुला काय वाटतं, आणि शेवटी तुला काय हवंय: ‘सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.’ हे शेवटचं वाक्य नव्या सिस्टर गिळून टाकतात. तू ते बोल.

सिनिअरबद्दल मला न्यायाने बोलायला हवं. एका सिनिअरवर आणि एका नवख्या मुलीवर अख्खा वॉर्ड सोडला की सिनिअरचाही तोल जातो. तिच्या ओरडण्यात बरेचदा तिची स्वतःची भीती असते. ड्युटी संपल्यावर, चहाच्या वेळेला, तिला एकटीला सांग: ‘ताई, मला तुमच्याकडून शिकायचंय. चुकलं तर सांगा, फक्त पेशंटसमोर नको.’ बऱ्याच जणी यावर विरघळतात. पण रोज अपमान होत असेल, जातीवरून किंवा गावावरून बोललं जात असेल, कुणी अंगचटीला येत असेल, तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत. तारीख-वेळ घालून लिहून ठेव आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन मॅडमकडे लेखी दे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे तो. नातेवाइकांनी अंगावर हात टाकला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा डॉक्टरांइतकाच तुलाही लागू आहे.

हॉस्पिटल सोडणं आणि नर्सिंग सोडणं यांत मात्र फरक कर. न दिलेल्या औषधावर सही करायला सांगतात, न शिकवलेल्या व्हेंटिलेटरच्या पेशंटला तुझ्या एकटीवर टाकतात, असं घडत असेल, तर ते हॉस्पिटल जरूर सोड. अनुभवाचं पत्र घेऊन सोड.

आता आजोबांबद्दल. तुझ्या ड्युटीत माणूस गेला म्हणजे तुझ्यामुळे गेला असं नाही. तरीही मनाला टोचणी लागते, ते स्वाभाविक आहे. इनचार्ज सिस्टरबरोबर पंधरा मिनिटं बसून तो चार्ट एकदा वाच. शेवटच्या नोंदी काय होत्या, कधी कळवलं, काय दिलं. काही सुटलं असेल तर तेही कळेल आणि पुढच्या पेशंटला त्याचा उपयोग होईल. सुटलं नसेल तर तेही कळेल, आणि ते कळणं तुला फार गरजेचं आहे. तू त्यांचे डोळे मिटवलेस, तोंड पुसलंस, चादर नीट केलीस, लेक आल्यावर तिला जवळ उभं राहू दिलंस, यातलं जे काही केलंस तेही नर्सिंगच होतं. वॉर्डात माणसं मरतात. नव्या मुलींना हे आधी कुणी बसून सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. झोप मात्र आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर एकटी कुढू नकोस. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं, मराठीतही.

तुझ्या स्वतःच्या शरीराबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून मीच विचारते. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. झाले नसतील तर याच आठवड्यात सुरू कर. वापरलेल्या सुईला परत टोपी लावायची नाही. तरी टोचलीच, तर जखम पिळू नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि तिथल्या तिथे कळव. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडतील म्हणून सुई टोचल्याचं लपवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तू त्यांच्यातली होऊ नकोस. आणि नाईट संपल्यावर डोळे मिटत असतील तर स्कूटी चालवू नकोस, रिक्षाने जा.

गावातल्या लोकांचं काय? १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या कामाला तुझे गावकरी घाण म्हणतात, ते त्यांनी हातांनी केलं. बेडपॅन देताना पडदा ओढणं, पेशंटला लाज वाटणार नाही असं बोलणं, पाठ तपासून कुठे लाल झाली आहे का ते बघणं, यातून पेशंटचा मान राहतो आणि पडून राहिल्याने होणारी जखम, बेडसोअर, टळते. गावातल्या कुणाची आई उद्या अंथरुणाला खिळली, तर ते हे सगळं विचारायला तुझ्याकडेच येतील.

बाबांची काळजी खरी आहे, त्यांना उडवून लावू नकोस. खासगीत सुरुवातीला पगार कमी मिळतो आणि हा अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सला २०,००० पेक्षा कमी पगार नसावा. बऱ्याच ठिकाणी आजही तो मिळत नाही. पण तलाठ्याशीच तुलना करायची असेल तर पूर्ण करू या. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून, आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून. एम्सची परीक्षा, नॉरसेट, जीएनएमवाल्यांना देता येते, फक्त किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा तुझ्या हॉस्पिटलात किती खाटा आहेत ते आजच बघ. कमी असतील तर पुढची नोकरी मोठ्या ठिकाणी शोध, कारण ही दोन वर्षं मोजली जायला हवीत. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये ठेव. जीएनएमनंतर करायचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं आहे, ते या अनुभवानंतर. आत्ता घाईघाईने गेलीस तर वॉर्डाची भीती तशीच राहील आणि हातात फक्त आणखी एक प्रमाणपत्र येईल.

बाबांना म्हण, मला एक वर्ष द्या. वर्षभर मनापासून काम करूनही रोज सकाळी पोटात गोळा येत असेल, तर मला पुन्हा लिही. वॉर्डाबाहेरही नर्सिंगमध्ये बरंच काही आहे: शाळा, कारखान्यांतले दवाखाने, सार्वजनिक आरोग्य, शिकवणं. तेव्हा त्यातून तुझ्यासाठी काय योग्य ते बघू. पण तीन महिन्यांवरून स्वतःचा निकाल लावू नकोस.

जर्मनीचं शेवटी. मार्ग खरा आहे. तिथे परिचारिकांची टंचाई आहे, आणि महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे. पण परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-टू, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीची जर्मन लागते आणि तिथल्या वॉर्डात पेशंटशी, नातेवाइकांशी, डॉक्टरांशी त्याच भाषेत बोलायचं असतं. नोकरी सांभाळून अभ्यासाला दीड-दोन वर्षं सहज जातात. हवं असेल तर ए-वन या पहिल्या पातळीपासून सुरू कर आणि जमतंय का ते बघ. मैत्रिणी निघाल्या म्हणून कर्ज काढून उडी मारू नकोस. एजंट परवानाधारक आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. पैसे दिलेस तर पावती घे, करारातलं न समजलेलं कलम कुणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय सही करू नकोस. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नकोस, एजंटच्या नाही आणि हॉस्पिटलच्याही नाही.

तुझी,
मॅडम