एफडीला हप्ता नसतो

ऐरोलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५४, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. पगार हातात ९५ हजार, निवृत्ती ५८ला. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील ८१ वर्षांचे, सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई शाखेत वाहन मेकॅनिक होते. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये त्यांनी जोंगा या सैन्याच्या जीपसारख्या गाड्यांची कितीतरी इंजिनं खोलली आणि बसवली. आता कल्याणजवळच्या एका गॅरेजात १९८७ची जोंगा विकायला आहे. गाडीचे साडेचार लाख, दुरुस्तीचे पाच. ते लिहितात, "बाबा आहेत तोवर त्यांना तिच्यात बसवायचंय. बँकेतली नऊ लाखांची एफडी मोडू, सोनेतारण कर्ज घेऊ, की 'एफडी प्लस'चा यंदाचा तीन लाखांचा हप्ता चुकवू? पुढे शूटिंगला आणि वरातीला भाड्याने देऊन पाच वर्षांत पैसे सुटतील."

जोंगाबद्दल सांगतो, पण आधी त्या तिसऱ्या पर्यायाकडे, बँकेत तुम्हाला एफडी म्हणून विकलेल्या 'एफडी प्लस'कडे या. एफडीला हप्ता नसतो. एकदा पैसे ठेवायचे, मुदत संपली की व्याजासकट घ्यायचे, एवढंच. दरवर्षी तीन लाख मागणारी वस्तू एफडी नव्हे.

तुम्ही जोंगाचे सात फोटो पाठवलेत आणि आठवा त्या 'एफडी'च्या पावतीचा. त्याच्यावर वर छापलंय 'रिन्युअल प्रीमियम रिसीट'. खाली बारीक अक्षरात: प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे. तुम्ही आयुर्विमा घेतलाय. सुरुवातीला घरी येऊन रक्त तपासायला नेलं, असंही तुम्हीच लिहिलंय. एफडीसाठी कोणी रक्त तपासत नाही. आणि "फोन येईल, सगळ्याला हो म्हणा" असं बँकेतल्या त्या मुलाने सांगितलं होतं ना? ग्राहकाला पॉलिसी नीट समजली आहे का हे विचारायलाच तो फोन असतो. तिथे हो म्हणायला शिकवणं ही सरळ फसवणूक आहे. असे कागद माझ्याकडे सतत येतात आणि प्रत्येक वेळी तितकाच संताप येतो, कारण समोरचा माणूस बँकेच्या पाटीवर विश्वास ठेवून गेलेला असतो.

आता वयं मांडा. पहिला हप्ता ५२व्या वर्षी भरलात, दहावा ६१व्या वर्षी येईल, पैसे ६७व्या वर्षी. पगार मात्र ५८ला थांबतो. म्हणजे शेवटचे चार हप्ते, १२ लाख, पीएफमधून किंवा मुलीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशातून भरावे लागतील. आजही हा हप्ता तुमच्या वर्षभराच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त आहे.

आणि मिळणार काय? "तीस लाखांचे पन्नास, गॅरंटीड," असं तुम्हाला सांगितलं गेलं. ऐकायला छान. पंधरा वर्षांचा हिशेब केला तर हा परतावा वर्षाला पाच टक्के पडतो. पीपीएफ ही सरकारी बचत योजना एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतेय. हेच दरवर्षीचे तीन लाख तुमच्या आणि पत्नीच्या खात्यात दीड-दीड लाख करून टाकले असते, तर पन्नासच्या जागी बासष्ट झाले असते.

दोन हप्ते, सहा लाख, गेलेत. "आता थांबलो तर ते बुडतील" हीच भीती तुम्हाला उरलेले २४ लाख भरायला लावेल. थांबा. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती आणि पेड-अप ठेवली तर ६७व्या वर्षी किती. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीअंती. ढोबळमानाने आठ-दहा लाख धरा. उरलेले आठ हप्ते दुसरीकडे सात टक्क्यांनी लावलेत, तर त्याचे सेहेचाळीस होतात. दोन्ही मिळून पन्नासच्या वर, आणि ५८ला पैसे भरणं थांबवावंसं वाटलं तर तुम्हाला कोणी अडवणार नाही. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल, तर सरेंडरचा आकडाही जुन्या नियमांपेक्षा बरा निघेल.

त्याच्याही आधी तक्रार करा. बँकेकडे आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी: एफडी म्हणून विकली, माझं निवृत्तीचं वय माहीत असून दहा वर्षांची मुदत लावली, पैसे परत द्या. दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही, वकील लागत नाही. त्या मुलाचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर आजच जपून ठेवा. यंदाचा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत मिळते, तेवढ्यात हे आकडे हातात येतात.

वाचलेल्या तीन लाखांचं पहिलं काम म्हणजे स्वतःचा आरोग्यविमा. कंपनीचा पाच लाखांचा विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. आज घेतलात तर आधीच्या आजारांचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ ५७ला संपेल, नोकरी असतानाच.

आता जोंगा. माझा तिला विरोध नाही. मनापासून हवी आहे आणि कारण बाबा आहेत, तर तो खर्च योग्य आहे. पण खर्चच. गुंतवणूक म्हणून तिच्याकडे बघू नका. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि वरातीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. विकणारा धोनीनेही जोंगा घेतली म्हणून सांगतोय. घेतली असेल, पण त्याच्याकडे तुमच्यासारखी नऊ लाखांची एकच एफडी नाही.

"आरसी नाही, पण व्हिंटेजमध्ये नोंदवून देतो" हे तर ऐकूनच सोडून द्या. २०२१चे व्हिंटेज नियम ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना आहेत. १९८७ची जोंगा २०३७च्या आधी त्यात बसत नाही. बसली तरी ती रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनाला न्यायची असते. सैन्याच्या लिलावातल्या गाडीला नोंदणीसाठी फॉर्म २१चं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते दाखवत नाही तोवर ही गाडी कागदावर भंगार आहे. आधीच एमएच-०४ किंवा एमएच-४३ अशी नोंद असलेली जोंगा दोन लाख महाग मिळाली तरी तीच घ्या. आणि बाबांच्या युनिटसारखा ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम तो रंग फक्त संरक्षण खात्यासाठी राखून ठेवतो. वाईट वाटेल, मला कळतं. पण त्या रंगाची गाडी रस्त्यावर अडवली जाईल आणि बाबांसमोर अडवली जाईल.

दुरुस्तीचे पाच लाख मी साडेसात धरतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आरपार गेलाय, पाचव्यात चेसिस नंबरच्या आसपास ताजा काळा रंग आहे. तो का मारला, हे विचारा. निस्सानच्या चार लिटर पेट्रोल इंजिनाला लिटरला पाच किलोमीटर धरलेत, तर लोणावळ्याला जाऊन यायला तीन हजारांवर पेट्रोल. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावे लागतील, मिळतीलच असं नाही. खाडीजवळच्या सोसायटीत उघड्यावर उभी केली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा पत्राकाम.

म्हणून सोनेतारण नको. एफडीतले सहा लाख, अडीअडचणीच्या खर्चाचे, हलवायचे नाहीत. उरले तीन. दरवर्षीच्या सुटलेल्या तिनातले दीड पीपीएफला, आरोग्यविम्याचा हप्ता बाजूला काढून बाकीचे गाडीला. दोन वर्षांत पाच लाख जमतात, त्यात नोंद असलेली, चालती गाडी शोधा. काम सावकाश करत राहा.

बाबांचं वय पाहता दोन वर्षं तुम्हाला लांब वाटतील. म्हणून या रविवारी त्यांना कल्याणच्या त्या गॅरेजात घेऊन जा. टोकन देऊ नका, फक्त गाडी दाखवा. बॉनेट उघडून द्या, ट्रान्सफर केसजवळ टॉर्च धरा, चेसिस नंबर त्यांना वाचू द्या. या गाडीत काय धड आहे आणि काय नाही, हे त्या गॅरेजवाल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. ते काय म्हणाले, ते मला कळवा.