नवऱ्याच्या मारहाणीवर ग्रामसभेचा ठराव चालेल का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावाची सरपंच आहे. आमच्या आळीतल्या एका सुनेला नवरा दारू पिऊन मारतो. दोनदा ती रात्री लेकरांना घेऊन माझ्याकडे आली. तंटामुक्ती समितीने तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर ‘पुढे तक्रार करणार नाही’ असं लिहून घेतलं. आठ दिवसांत परत तेच. आता बायका म्हणतात, ग्रामसभेत ठराव करा, त्याला पाच हजार दंड लावा, नळ तोडा, कुणी त्याच्याकडे जाऊ-येऊ नका. सासरे म्हणतात, घर माझ्या नावावर आहे, सुनेला काढीन नाहीतर ठेवीन. मध्ये पडलात तर अब्रुनुकसानीचा दावा लावतो. मी काय करावं?

उत्तर : सरपंचताई, आधी ठरावाचं बोलू, कारण अडकणार तुम्ही तिथेच. मारहाणीचा दंड कोर्ट लावतं, ग्रामसभा नाही. नळ तोडलात तर हंडा त्या सुनेचाच रिकामा राहील. आणि ‘जाऊ-येऊ नका’ म्हणजे वाळीत टाकणं. महाराष्ट्रात त्यासाठी 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मारणारा फिर्यादी होईल आणि तुम्ही आरोपी.

स्टॅम्पपेपरची धास्ती तिच्या मनातून काढा. कायद्याने दिलेला तक्रारीचा हक्क असा लिहून घेऊन जात नाही. उलट तो कागद, निदान त्याचा फोटो, जपून ठेवा. समेट कशाचा झाला हे त्यात लिहिलं असेल, तर पुढे तोच तिच्या कामी येईल. समितीची मंडळी वाईट असतात असं नाही, पण बांधाचा वाद आणि बायकोची मारहाण त्यांना एकाच तराजूत घालायची सवय लागलेली असते.

आता अब्रुनुकसानीचं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 सांगतं, की अशा हिंसाचाराची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) देऊ शकतं आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. सासऱ्यांना हे कलम दाखवा. माहिती लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत मात्र तिचं नाव पुकारू नका.

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात. मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याचा कलम 12चा अर्ज ती स्वतः करू शकते, तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. वकिलाच्या फीसाठी थांबू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कायदा म्हणतो, 60 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. आमच्याकडे तारखा कशा पडतात ते तुम्ही जाणताच, म्हणून अर्जासोबतच कलम 23खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायला सांगा. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलंय की घर नवऱ्याच्याच नावावर हवं असं नाही. तिला राहण्याचा हक्क मागता येतो. कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याच हातातली. अशा बायका प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात आणि केसपेपरवर लिहिलं जातं, ‘पायरीवरून पडली’. बरोबर सासू उभी असते ना! दोन वर्षांनी समोरचा वकील नेमका तोच कागद कोर्टात फडकवतो. पुढच्या वेळी आशाताईंना तिच्यासोबत पाठवा आणि खरं कारण लिहून घ्यायला सांगा. ती तुमच्याकडे आली त्या दोन्ही रात्रींच्या तारखा, वेळ, अंगावर काय दिसलं, हे आजच एका वहीत लिहा. उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर ती वही लागेल.

रात्री परत आली तर 112 लावा. एरवी सल्ल्यासाठी 181 आहे. तिचं आधार, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवून घ्या. घर सोडताना नेमकं हेच मागे राहतं.

तुमच्या पत्रात बायका काय म्हणतात, समिती काय म्हणते, सासरे काय म्हणतात, सगळं आलंय. तिला काय हवंय, ते कुठेच नाही. वेगळं राहायचंय, त्याच घरात मार न खाता राहायचंय, की माहेरी जायचंय? अर्ज त्यावरच बेतायचा असतो. माहेरी गेली तर अर्ज तिथल्या कोर्टातही चालतो. तालुक्याला जाण्याआधी तिला एकटीला बसवून तेवढं विचारून घ्या.