बीटा ग्लुकन कुठलं, ते नंतर बघू. आधी पॉलिसी चालू करा

सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या शिक्षिका आहेत, यजमानांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, दोन मुलं शाळेत आणि घरात बहात्तर वर्षांचे सासरे. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

"घरात सर्दी-खोकला सारखा चालूच असतो. गेल्या वर्षी डॉक्टर आणि औषधं मिळून सहा-सात हजार गेले. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आम्ही तिघं मोठी माणसं बीटा ग्लुकन (धान्य, यीस्ट आणि मशरूममध्ये असणारा तंतुमय पदार्थ) घेणार आहोत. तीन पर्याय आहेत. यीस्टपासून केलेल्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, महिन्याला माणशी १,२०० रुपये. मशरूमच्या कॅप्सूल, माणशी २,४००. या ओळखीच्या एक ताई देतात. त्यांच्या विक्रीच्या साखळीत सामील झालं तर सूट मिळते, पण त्यासाठी १८,००० चं किट घ्यावं लागतं. तिसरी ओट्सची पावडर, माणशी ९००. पैशांच्या दृष्टीने यातलं कुठलं घ्यावं? सध्या मशरूमचा तीन महिन्यांचा साठा घेतला आहे. त्यात पैसे गेल्यामुळे मेडिक्लेमचा हप्ता या वेळी भरला नाही. २०१८ पासून भरतोय, एकदाही क्लेम केलेला नाही आणि रक्कम दर वर्षी वाढतेच. तारीख ४ होती. प्रतिकारशक्ती चांगली झाली की दवाखान्यात जायची वेळच येणार नाही, असं ताईंचं म्हणणं आहे."

पत्र २१ तारखेचं आहे. उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी या भगिनींना कळवलं: हप्ता आजच भरा, कॅप्सूलचं नंतर बोलू. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्यात तारीख उलटल्यावर ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. त्यातले सतरा दिवस गेले होते. या मुदतीत पैसे भरले तर पॉलिसी अखंड चालू राहिली असं धरलं जातं. मात्र तारीख उलटल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत कोणी आजारी पडलं तर तो क्लेम मिळत नाही. म्हणजे सतरा दिवस हे घर विम्याशिवाय होतं आणि घरात कुणाला त्याची कल्पना नव्हती.

तुमच्या पॉलिसीचे कागद मागवून पाहिले. मूळ विमा ५ लाखांचा, क्लेम नसल्यामुळे मिळालेला बोनस धरून आता साडेसात लाख. तुम्ही "एकदाही क्लेम केलेला नाही" हे पैसे वाया गेल्याच्या सुरात लिहिलं आहे. त्या क्लेम न केलेल्या वर्षांनीच तुम्हाला अडीच लाखांचं जादा संरक्षण दिलं. पॉलिसी बंद पडली की ते शून्य.

बोनसपेक्षाही मोठं नुकसान प्रतीक्षा कालावधीचं, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळाचं, झालं असतं. तुमच्या यजमानांना २०२१ पासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. या पॉलिसीत सगळे प्रतीक्षा कालावधी कधीच संपलेत. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर "तुम्ही अमुक आजार लपवला होता" म्हणून कंपनीला आता क्लेम नाकारता येत नाही. विमा नियामकाने २०२४ मध्ये ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे हे सगळं पहिल्यापासून. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा अशा ठरावीक उपचारांना साधारण दोन वर्षं थांबा. रक्तदाबाशी जोडलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबा. तेही कंपनीने अर्ज स्वीकारला तर; सेहेचाळिसाव्या वर्षी, रक्तदाब असताना, ती जादा हप्ता मागू शकते किंवा सरळ नाही म्हणू शकते.

आणि हप्ता "वाढतोच" म्हणता, तर या वर्षीची नोटीस नीट वाचा. गेल्या वर्षी २५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, असे २९,५०० भरलेत. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. या वर्षी मूळ हप्ता २७,००० झाला, तरी खिशातून गेल्या वर्षीपेक्षा अडीच हजार कमीच जाणार होते.

आता मशरूमचा हिशेब. तिघांचे महिन्याला ७,२००, वर्षाचे ८६,४००. कशासाठी? वर्षाला सहा-सात हजारांचा सर्दी-खोकल्याचा खर्च वाचावा म्हणून. एकाही माणसाला वर्षभर एक शिंक आली नाही असं धरलं तरी ८० हजारांचा खड्डा उरतो. ताईंनी हा गुणाकार तुमच्यासमोर मांडला नाही, कारण मांडला असता तर विक्री झाली नसती. याचा मला मनापासून राग येतो. माल महाग विकला हे एक वेळ समजू शकतो. पण "आता दवाखान्याची वेळच येणार नाही" असं सांगून शिक्षिकेच्या घरातला विमा बंद पाडायचा, हे फार वाईट आहे. पंचेचाळिशीतल्या माणसाला रुग्णालयात नेणाऱ्या गोष्टी कुठल्या? अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, दुचाकीचा अपघात, हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी. यातलं काहीही कॅप्सूलने टळत नाही. आणि एका अँजिओप्लास्टीला दोन-तीन लाख सहज लागतात.

तुमचा मूळ प्रश्न राहिला, त्याचंही उत्तर देतो. तिन्ही डब्यांवर बीटा ग्लुकनच लिहिलेलं असलं तरी तो एक पदार्थ नाही. ओट्स आणि जवातलं बीटा ग्लुकन पाण्यात फुगतं, आतड्यात बुळबुळीत होतं आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या बाबतीत हा दावा करायला परवानगी दिली. त्यासाठी रोज ३ ग्रॅम पोटात जावं लागतं. प्रतिकारशक्तीसाठी ते नाही. आणि कोलेस्टेरॉलसाठी हवं असेल तर ९०० ची पावडर कशाला? ७५ ग्रॅम साध्या ओट्समध्ये साधारण तेवढं मिळतं. किलोला २०० धरले तर दिवसाला १५ रुपये, महिन्याला ४५०, आणि नाश्ताही होतो. जवाची भाकरी करत असाल तर त्याहून स्वस्त.

यीस्टच्या पेशींच्या भिंतीतून काढलेलं बीटा ग्लुकन वेगळ्या रचनेचं असतं, आणि प्रतिकारशक्तीबद्दलचे माणसांवरचे बरेचसे प्रयोग त्याच्यावरच झालेत. बहुधा २५० मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस, काही आठवड्यांचा काळ आणि मॅरेथॉन धावणारे किंवा खूप ताणाखाली असलेले लोक. त्यातल्या काही प्रयोगांत सर्दीची लक्षणं थोडी कमी दिसली. प्रयोग लहान आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा खर्च उत्पादकांनीच केलेला आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने यीस्टच्या अशाच एका उत्पादनाचा दावा २०१३ मध्ये तपासला आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं मत दिलं. रुग्णालयात भरती व्हायची वेळ टळते, असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

मशरूमच्या डब्यावर "५०० मिलिग्रॅम अर्क, ३० टक्के पॉलिसॅकराइड्स" असं लिहिलंय, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसलं. पॉलिसॅकराइड्समध्ये, म्हणजे साखरेच्या कणांच्या लांब साखळ्यांमध्ये, साधा स्टार्चही मोजला जातो, आणि मशरूमची बुरशी धान्यावर वाढवली असेल तर तो भरपूर असू शकतो. बीटा ग्लुकन किती, हे त्या डब्यावर कुठेच नाही. म्हणजे तुम्ही सर्वांत जास्त पैसे देताय ते सर्वांत कमी माहिती देणाऱ्या डब्याला. विक्रेते जपानमधल्या कर्करोगाच्या उपचारांचा दाखला देतात. तिथे शिटाके मशरूममधून काढलेलं लेंटिनन केमोथेरपीच्या जोडीला इंजेक्शनने दिलं गेलंय. त्याचा तुमच्या कॅप्सूलशी संबंध नाही.

तेव्हा तीन पर्यायांतलं एक निवडायचंच असेल तर यीस्टचं. फक्त ज्याला सर्वाधिक त्रास होतो त्याने, डॉक्टरांना विचारून, थंडीचे तीन महिने. खर्च ३,६००. फरक वाटला नाही तर बंद. संधिवातासारख्या आजारावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने हात लावू नये. माझ्या घरचा निर्णय असता तर मी हे ३,६०० सुद्धा फ्लूच्या लशीकडे वळवले असते. ती साधारण दीड-दोन हजारांत मिळते, आणि सासऱ्यांना ती सर्वांत आधी. त्यांच्यासाठी न्यूमोनियाच्या लशीचंही डॉक्टरांना विचारा.

१८,००० च्या किटचं तर नावही काढू नका. साखळीत शिरायला पैसे घेणं २०२१ च्या थेट विक्री नियमांत बसत नाही. शिवाय ती सूट वसूल करायची तर तुम्हाला शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांना हाच माल विकावा लागेल. न उघडलेल्या बाटल्या पावतीसकट परत करा आणि पैसे मागा. नाहीच म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पत्रात सासऱ्यांच्या विम्याचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर कळलं की तो कधी काढलाच नाही. त्यांचं वय बहात्तर आहे. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. आधार कार्ड घेऊन त्यांना या आठवड्यात न्या, आणि सांगली-मिरजेतली कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते लिहून ठेवा. रात्री बारा वाजता शोधत बसायची वेळ येऊ नये.

एकरकमी २७,००० काढणं जड जातं हे मला समजतं. शाळेच्या फिया आणि दुकानाचा माल त्याच सुमारास येतो. पोस्टात किंवा बँकेत वेगळं आवर्ती खातं उघडा आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी २,५०० कापले जातील अशी सोय करा. पुढच्या वर्षी ४ तारखेला ३०,००० तयार असतील. जे तीन हजार उरतील त्यांत थोडी भर घालून, आताच्या पॉलिसीवर एखादी सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी, घ्यायची असेल तर मला पुन्हा लिहा.