डाग बुडाला, फवारा शेंड्याला!

प्रश्न (दिंडोरी तालुका): परसात गावठी आणि संकरित टोमॅटो लावलेत. गावठीच्या फळांना बुडाशी काळे डाग पडताहेत, दोन झाडांची पानं गोळा झाली. दुकानदारानं बुरशीनाशक आणि टॉनिक दिलंय. मारू का? संकरित फळाचं बी धरता येईल का? ठिबकला अनुदान आहे का?

उत्तर: मारू नका. बुडाचा डाग म्हणजे बुरशी नव्हे. आधी पाणचट ठिपका, मग काळा, चामड्यासारखा, आत दबलेला. ही फळात कॅल्शियम कमी पोचल्याची खूण. आपल्या काळ्या रानात कॅल्शियम मुबलक असतं, ते फळापर्यंत नेतं पाणी. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी आळं तुंब, वर युरियाची मूठ, मग डाग पडणारच. युरिया बंद करा. पाणी थोडं पण नेमानं द्या. बुंध्याभोवती चार बोटं उसाचं पाचट किंवा पालापाचोळा अंथरा. परसात आच्छादनाइतकं स्वस्त औषध नाही, हे मी प्रत्येक शिवारात सांगतो. डागी फळं तोडून टाका. ती सुधारत नाहीत.

गोळा झालेली पानं विषाणूची, तो पसरवते पांढरी माशी. विषाणूवर औषध नाही, कोणी काहीही विकू दे. ती दोन झाडं आजच उपटून पुरा. बाकीच्यांत पिवळे चिकट सापळे लावा, संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. द्राक्षाच्या गोदामातलं उरलंसुरलं औषध परसात आणू नका. जीए, म्हणजे द्राक्षमणी फुगवायचं संजीवक, तर नाहीच. 'थोडं जास्त टाकलं तर काय होतं?' असं विचारतात. होतं असं, की पान करपतं आणि तेच फळ दुसऱ्या दिवशी पोरांच्या कोशिंबिरीत जातं. लेबलवर टोमॅटोचं नाव नसेल, तर ते औषध टोमॅटोचं नाही. दुकानदाराला विक्रीचं कळतं, तुमच्या झाडाचं नाही.

बी गावठीचंच धरा. निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर एक-दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा. संकरिताचं बी उगवेल, पण झाडं एकसारखी येणार नाहीत. गावठीला चव आहे, रोगाला मात्र ती हळवी. दोन्ही हवं असेल तर चार झाडं अर्का रक्षकची लावा. पर्णगुच्छ (हीच ती पानं गोळा होणं), जिवाणूंची मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना हा संकरित वाण तग धरतो.

ठिबकचं अनुदान सातबाऱ्यावरच्या क्षेत्राला, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. परसाला नाही. तिथं झारी पुरे.