म्युनिकमधला पहिला उन्हाळा

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच पुण्याहून म्युनिकला राहायला आलो आहोत. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, घरात साधा पंखाही नाही आणि पाच वर्षांची मुलगी झोपायला तयार नसते. काय करावे?

उत्तर : तेथील बहुतेक घरे थंडीचा विचार करून बांधलेली असल्यामुळे एकदा आत शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून सकाळी ऊन चढण्यापूर्वीच खिडक्या लावून बाहेरचे गुंडाळते पडदे, ज्यांना तेथे रोलाडेन म्हणतात, पूर्ण खाली सोडावेत आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडाव्यात. याच पडद्यांनी खोलीत अंधार होतो, त्यामुळे मुलीच्या झोपेचा प्रश्नही बराचसा सुटेल. टेबलफॅन मात्र शनिवारपर्यंत आणावा, कारण रविवारी दुकाने बंद असतात. संध्याकाळी इसार नदीच्या काठी जरूर जावे. पण पावसानंतर तिच्या पाण्याला फार ओढ असते, तेव्हा मुलीला पाण्यात उतरू देऊ नये.

आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे : घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. करक्रमांकाचे पत्र त्यानंतरच टपालाने येते.