वाचकांचे प्रश्न : जॉइस्टमधून केबल नेताना

प्रश्न : राउटर बेसमेंटच्या एका टोकाला, अभ्यासाची खोली दुसऱ्या टोकाला. मध्ये टू बाय टेनचे (नावापुरत्या दोन बाय दहा इंची लाकडाचे) नऊ जॉइस्ट, म्हणजे वरची जमीन पेलणाऱ्या तुळया, आडवे येतात. ड्रिल त्यांच्यामध्ये सरळ बसत नाही. तिरकं भोक पाडलं तर चालेल का? शेवटच्या तीन जॉइस्टखाली ड्रायवॉलचं (जिप्समच्या पत्र्यांचं) छत आहे. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तिरकं नको. जॉइस्ट मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांवर असले तरी मधली मोकळी जागा साडेचौदा इंचच मिळते. तिथे ड्रिल तीस अंश कलवून धरलं, तर दीड इंच जाडीत बिट (ड्रिलचं पातं) पाऊण इंचाहून जास्त सरकून बाहेर पडतो. प्रत्येक ठिकाणी कल वेगळा पडला की केबलची वाट नागमोडी होते. ओढताना ती कडांवर घासते आणि आवरण सोलतं.

काटकोनी ड्रिल भाड्याने आणा आणि त्याला पाऊण इंची आखूड ऑगर बिट (लाकडासाठीचा पिळाचा बिट) लावा. दोन-तीन कॅट-सिक्स (नेटवर्कच्या) केबलींना एवढं भोक पुरतं. टू बाय टेनची खरी उंची सव्वानऊ इंच असते. खालून साडेचार इंचांवर खूण करून सगळ्या जॉइस्टवर खडूची दोरी मारा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे भोक उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नसावं आणि वरच्या-खालच्या काठापासून, तसंच दुसऱ्या भोकापासून किमान दोन इंच दूर असावं. वजन पडलं की जॉइस्टची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या भागावर हा ताण सगळ्यात कमी. म्हणून खालच्या कडेला खाच पाडून केबल बसवण्याचा मोह टाळाच.

ऑगरचं स्क्रूसारखं टोक बिटला लाकडात स्वतःच ओढून घेतं. बिट खिळ्याला अडला की मोटर थांबत नाही, ड्रिलचा दांडाच गर्रकन फिरतो. सुरू करण्याआधी दांडा ज्या दिशेने फिरेल त्या बाजूच्या जॉइस्टला टेकवून ठेवा. हात मात्र त्या दोघांच्या मध्ये कधीच नको, मनगट मोडतं. वेग कमी ठेवा, चष्मा लावा.

झाकलेल्या तीन जॉइस्टसाठी चौपन्न इंची लवचीक बिट मिळतो. त्याच्या टोकाला बारीक भोक असतं. त्यात दोरी बांधून बिट मागे ओढला की दोरी आपोआप येते. पण तिसऱ्या जॉइस्टपर्यंत हा बिट वाकून ड्रायवॉलमधून बाहेर येऊ शकतो आणि आत पाण्याचा पाइप किंवा विजेची तार असली तर दिसत नाही. त्या भागाचा ब्रेकर बंद करा आणि फोनला जोडायच्या कॅमेऱ्याने आत पाहा. नीट दिसत नसेल तर ड्रायवॉलचा चौकोन सरळ कापून काढा. तोच तुकडा मागे पट्टी देऊन परत बसवता येतो; फुटलेला पाइप त्याहून कितीतरी महाग पडेल.

केबल पंचवीस पौंडांपेक्षा जास्त जोराने ओढू नका आणि एक इंचाहून कमी त्रिज्येत वाकवू नका.

प्रश्न : आमचे जॉइस्ट इंग्रजी 'आय' आकाराचे आहेत. हेच नियम लागू होतात का? – एक वाचक, डॅलस

उत्तर : नाही. वरच्या-खालच्या जाड पट्ट्यांना ओरखडाही नको. मधल्या पातळ फळीत बहुतेक वेळा दीड इंची गोल खुणा अर्धवट कापलेल्या असतात. हातोडीने ठोकल्या की तुकडा निघतो. केबलला तेवढं पुरे. त्याहून मोठं भोक हवं असेल तर उत्पादकाचा तक्ता पाहूनच पाडा.