बंडगार्डनमधलं 'बंड' कुठलं?

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात येरवड्याकडे जाणाऱ्या जुन्या दगडी पुलाला बंडगार्डनचा पूल म्हणतात. यातलं 'बंड' म्हणजे १८५७ चं बंड, असं आमचे आजोबा सांगत. पूल त्यानंतर दहा वर्षांनी झाला, म्हणून मलाही ते पटत आलं. खरं काय?"

आजोबांचा तर्क समजण्यासारखा आहे. बंड म्हटलं की मराठी माणसाला बंडखोर, बंडाळी, बंडाचा झेंडा एवढंच आठवणार. शिवाय पुलाचं साल १८६७. पण नाव पुलावरून बागेला गेलेलं नाही, बागेवरून पुलाला आलं आहे, आणि बागेला ते मिळालं शेजारच्या बंधाऱ्यामुळे. मुळा-मुठेवरचा हा बंधारा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास झाला, म्हणजे उठावाच्या आधीच. मुंबईचं जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाचं, तेच हे जमशेटजी.

आता शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पाणी अडवणाऱ्या भिंतीला फारसीत 'बंद' म्हणतात. तो हिंदुस्तानीत रुळला आणि तिथून इंग्रजांनी उचलला. इंग्रजांच्या तोंडी आपला दंत्य 'द' नाही. त्यांची जीभ दाताला न लागता वर हिरडीला लागते आणि आपल्या कानाला तो 'ड' ऐकू येतो. 'गार्डन'मधला ड तसाच आहे, 'डॉक्टर'मधलाही. म्हणून 'बंद' त्यांच्याकडे गेला आणि परत आला तो 'बंड' होऊन. आपल्याकडे त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आधीपासून नांदत होता, आणि सगळा घोटाळा तिथे झाला. शांघायच्या नदीकाठचा प्रसिद्ध 'बंड' हाही इंग्रजांनी इथून तिकडे नेलेला हाच शब्द.

फारसी 'बंद' आणि संस्कृत 'बन्ध' या सख्ख्या बहिणी. संस्कृतकडून आपल्याला शेताचा बांध मिळाला आणि बंधाराही; फारसीकडून नाकेबंदी आणि बंदोबस्त. मला सगळ्यात आवडतो तो 'बांधबंदिस्ती' हा शब्द. त्याच्या पूर्वार्धात संस्कृतकडची बहीण आहे, उत्तरार्धात फारसीकडची, आणि शेतकरी तो एका दमात म्हणतो. मृदसंधारणाच्या कामांवर 'कंटूर बंडिंग' (उताराला आडवे बांध घालणं) ऐकलं असेल, तर तिथला 'बंड'ही आपल्या बागेतलाच. म्हणजे एकाच कुळातले तीन शब्द तीन वाटांनी येऊन एकाच शेतात भेटतात. हे कळल्यापासून मला ते नाव परकं वाटत नाही.

पुलाचं कागदोपत्री नाव फिट्झगेराल्ड पूल, तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरवरून. बांधला कॅप्टन सेलन यांनी. टोकांना दगडी सिंह आहेत, कमानी देखण्या आहेत, पण गव्हर्नरसाहेबांचं नाव पुणेकरांच्या तोंडी बसलं नाही. शनिवारवाड्याजवळच्या १९२३ च्या पुलाचंही तेच झालं. तो लॉईड पूल होता, पुढे छत्रपती शिवाजी पूल झाला, आणि शंभर वर्षं उलटूनही लोक म्हणतात 'नवा पूल'. पानिपतानंतर १७६१ मध्ये झालेला लाकडाचा पूल पुढे दगडी झाला, कागदोपत्री छत्रपती संभाजी पूलही झाला, तरी तो 'लकडी पूल'च राहिला. (यावरून 'लकडी' की 'लाकडी' असा वाद निघतो. विशेषण म्हणून मराठीत 'लाकडी' बरोबरच, पण इथे ते विशेषण उरलेलं नाही, विशेषनाम झालं आहे. ते सुधारू नये. हैदराबादेतही 'लकडी का पूल' आहेच.)

आणखी एक चूक जाता जाता सांगतो. बंडगार्डनचा पूल मुठेवर आहे असं पुष्कळ जण लिहितात. संगम त्याच्या वरच्या अंगाला होऊन गेलेला असतो, त्यामुळे तिथली नदी मुळा-मुठा.

राहिला लेखनाचा प्रश्न. बागेचं आजचं नाव महात्मा गांधी उद्यान; पत्त्यात ते लिहावं. बोलीतलं नाव लिहायचं तर 'बंडगार्डन' असंच, जोडून. मूळ शब्द 'बंद' होता म्हणून कुणी 'बंद गार्डन' लिहू नये, वाचणारा फाटकापासून परत फिरेल.